हवेची पकड

पहाटे अजून उजाडायचं असतं, अंगणात वाळत घातलेल्या शिजवलेल्या हळदीचा ओलसर, मातकट गंध हवेत भरून राहिलेला असतो, आणि अशा वेळी मागच्या तांड्यात जमनाबाईंच्या गोठ्यातला पंप सुरू होतो. ढुक-ढुक, ढुक-ढुक! म्हशींचं दूध काढायच्या यंत्राचा हा आवाज. तुम्ही म्हणाल, पाखरांचं कूजन ऐकावं, देवळातली घंटा ऐकावी. यंत्राच्या धडधडीवर कुणी जीव लावतं का? मी लावला आहे. तो ऐकला की अंथरुणातच मला हायसं वाटतं, आणि मग मी निवांतपणे कूस बदलते.

वारंगा फाट्यावर आमचं सुतारकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. ह्यांच्या हातचे दरवाजे हिंगोलीपर्यंत गेले आहेत. गेल्या उन्हाळ्यात मोटारसायकल घसरली आणि ह्यांचा डावा हात खांद्यापासून दुखावला. हाड जुळलं, जखम भरली, पण बोटांतली पकड गेली ती गेलीच. पाण्याचा पेलासुद्धा त्या हातात ठरेना. लोक समजूत घालायचे, 'चला, डाव्यावर निभावलं!' किती सहज बोलून जातो आपण! करवत चालते उजव्या हाताने, हे सगळ्यांना दिसतं. पण लाकूड जागेवर धरून ठेवतो तो डावा, त्याचं श्रेय त्याला कोण देतं? धरून ठेवणाऱ्यांची किंमत या जगात ते सुटल्यावरच कळते.

मग दुकानातून हाक येऊ लागली, 'अगं, जरा धर!' मी पीठ मळता मळता धावायची, फळी धरायची, आणि माझा हात हमखास हलायचा. रेघ वाकडी जायची. हे रागावले असते तर बरं झालं असतं. मी दोन शब्द सुनावले तरी असते! पण हे रंधा बाजूला ठेवून रस्त्यावरचे ट्रक बघत बसायचे. दिवाळी झाली तशी ह्यांनी सागाच्या एका फळीवर सुरेख अक्षरांत रंगवलं, 'दुकान भाड्याने देणे आहे', आणि ती फळी भिंतीकडे तोंड करून उभी केली. बाहेर लावली नाही, एवढंच. रोज झाडताना मी तिच्याभोवतीनं केरसुणी फिरवायची, तिला हात लावत नव्हते.

याच रिकाम्या दिवसांत हे संध्याकाळी जमनाबाईंच्या गोठ्यात जाऊन बसायचे. जमनाबाई बोलायला फटकळ, पण मनाने अशा मोकळ्या की त्यांच्या दारातून रित्या हाताने परत येणं अवघड. एकदा म्हशीच्या सडाला लावायचा यंत्राचा कप सहज त्यांच्या तळव्याला चिकटला आणि ओढला तरी निघेना. त्या हसत सुटल्या. हे मात्र हसले नाहीत. घरी आले ते विचारतच, 'हे असं धरून राहतं, तर मग लाकूड काहून न्हाई धरणार?' पुढचे कित्येक दिवस मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या सुतारांचे व्हिडिओ चालले होते. लाकडाचे पातळ थर गोंद लावून पिशवीत घालायचे, पिशवीतली हवा पंपाने ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच त्यांना चहूबाजूंनी दाबून धरते. ना शिकंजे आवळायला हवेत, ना जोर लावायला दुसरा हात.

मला ते ऐकून नवल वाटलं. एवढ्या वजनाची हवा आयुष्यभर आपल्या अंगावर असते आणि आपल्याला तिची जाणीवही नसते, कारण तेवढीच हवा आपल्या आतही असते! आतलं गेलं की बाहेरचं दाबायला लागतं. माणसाचंही असंच होत असेल का? ह्यांच्या आतलं काहीतरी त्या अपघातात निघून गेलं होतं, म्हणून तर लोकांचे साधे, मायेचे शब्दसुद्धा ह्यांना चिरडत होते. पण त्याच दाबाने लाकडाचे सुटे थर एकजीव होतात, हेही खरंच ना?

जमनाबाईंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पाळणा त्यांना ह्यांच्याच हातचा हवा होता. ह्यांनी वाकदार बाजूंचा पाळणा योजला. सागाचे पातळ थर आणले, वाकाचा साचा केला. पिशवी कसली? तर म्हशींचा ओला चारा हवाबंद साठवायची, मुरघासाची! आतली हवा सगळीकडून ओढली जावी म्हणून कांद्याची जाळीदार गोणी फाडून घातली. पंप सकाळच्या धारा झाल्यावर मोकळाच असायचा. चाकांचं ते यंत्र जमनाबाई स्वतः ढकलत घेऊन आल्या. सुरू करण्याआधी हे मला हळूच म्हणाले, 'हे साधलं तर बराबर. न्हाई तर ती फळी उद्या भायेर लावून टाकू.' मी मान डोलावली आणि गोंदाचा डबा उघडला.

गोंद लावला, थर साच्यावर चढवले, सगळं पिशवीत सारलं, पंपाची नळी पिशवीला जोडली. पिशवीचं तोंड दुमडून दोन पट्ट्यांमध्ये आवळायचं, ते काम माझं. मी तोंड दुमडते आहे तोच जमनाबाई म्हणाल्या, 'थांबा व वैनी, नवं काम हाय, तसंच सुरू करता का?' नवी गाडी असो, नवा नांगर असो, हळदकुंकू वाहिल्याशिवाय आपल्याकडे कशाला हात लागतो? त्यांनी पिशवीला कुंकू लावलं, घरच्या हळदीत माखलेल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले. मी पट्ट्या आवळल्या. पंप सुरू झाला.

पिशवी आक्रसू लागली, पंपावरचा दाब दाखवणारा काटा चढू लागला, आणि अर्ध्यावर थांबला. थरथरला. मग खाली यायला लागला. हे काट्याकडे बघत राहिले. गोंद काही कुणासाठी थांबत नाही. एकदा तो आळला की थर तसेच सुटे, वेडेवाकडे राहणार. 'पिशवी फाटली असंल,' हे म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन बसले. 'ऱ्हाऊ दे आता.' ते 'ऱ्हाऊ दे' मी गेले कित्येक महिने ऐकत होते. पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी जमिनीवर गुडघे टेकले आणि पिशवीच्या कडेकडेनं कान लावत सरकू लागले. पंपाच्या धडधडीखाली कुठेतरी बारीक शीळ होती. पट्ट्यांपाशी आले तेव्हा ती शीळ स्पष्ट झाली. पट्ट्या सैल केल्या, घडी उलगडली, तर आत हळदीनं माखलेला तांदळाचा एक दाणा! एवढासा दाणा, आणि त्याच्या शेजारून सगळं आभाळ आत शिरत होतं.

मी तो काढून जमनाबाईंच्या तळहातावर ठेवला. 'अगं बाई, माह्याच अक्षतीनं घात केला असता व!' त्यांनी कपाळावर हात मारला. मी पट्ट्या पुन्हा आवळल्या. काटा चढला, अर्धा ओलांडला, आणखी चढला आणि तिथे स्थिर झाला. पिशवी लाकडाच्या अंगाला अशी बसली की कांद्याच्या गोणीचा एकेक चौकोन वरून उठून दिसू लागला. हे उठून जवळ आले. उजव्या हाताने ह्यांनी आपला डावा तळवा उचलला आणि त्या ताठ झालेल्या पिशवीवर ठेवला. किती वेळ ठेवला, मी मोजलं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते पदराआड करत होते.

शोधाशोधीत वेळ गेलाच होता. दिवस कलला, गोठ्यातून म्हशी ओरडायला लागल्या, आणि गोंद तर अजून ओला. हे संकोचून म्हणाले, 'तुमाला उगाच तकलीफ...' जमनाबाईंनी पदर खोचला. 'ऱ्हाऊ द्या पंप हितंच. आज हातानं काढते. म्हशीलाबी कळू द्या, माहा हात अजून शाबूत हाय!' बोलल्या आणि जीभ चावली. मी चटकन ह्यांच्याकडे पाहिलं. आणि मग हे हसायला लागले. आधी हलकेच, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या अपघातानंतर आमच्या घरात हसण्याचा तो पहिला आवाज होता. हुश्श! काय म्हणून सांगू, नागनाथाला मनातल्या मनात मी किती वेळा हात जोडले असतील.

सकाळी पिशवी उघडली. पाळण्याची बाजू साच्यावरून सुटून आली, नितळ, एकसंध. ह्यांनी ती बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहिली; कुठेही पोकळ आवाज नव्हता.

आज त्या पाळण्यात जमनाबाईंची नात झोपते. ह्यांनी पुढे एका जाड पाटाला मधोमध भोक पाडून कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. त्यावर लाकूड ठेवायचं, खालून जमनाबाईंच्याच पंपाने हवा ओढायची. लाकूड जागचं हलत नाही. त्यावर पहिलं काय ठेवलं असेल? मी चहा घेऊन दारात आले तेव्हा ढुक-ढुक चालू होती आणि ती रंगवलेली फळी पाटावर उताणी पडली होती. उजव्या हातात रंधा, डावा नुसता वर टेकलेला. 'दुकान' गेलं होतं, 'भाड्याने'ची अक्षरं कुरळ्या सालींतून जमिनीवर पडत होती.

सवयीनं मी कप खाली ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि हाकेची वाट पाहत उभी राहिले. हाक काही आली नाही.