खाड्यांचा रकाना

सदुसष्टाव्या वर्षी मी अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. त्याआधीचे सारे आयुष्य सुरतेच्या यंत्रमाग कारखान्यांत मास्तर म्हणून गेले. माग चालू ठेवणे आणि कोणत्या कारागिराला किती माग द्यायचे हे ठरवणे, हे मास्तरचे काम. वर्गात मी मागच्या बाकावर बसे. मुले अंकल म्हणत आणि माझ्या टिपणांचे फोटो काढून घेत.

शेवटच्या सत्रात प्रबंधासाठी विषय घेतला: आजारपणात बुडणारे काम. त्यासाठी सुरतेतल्याच नवागाम वस्तीतील चाळीस घरे निवडली. माणसे खानदेशातली, बहुतेक माझ्या हाताखालून गेलेली. ओळखीचा उपयोग होईल असे वाटले.

चाळीसही प्रश्नावल्या भरल्या. खाड्यांच्या रकान्यात सर्वत्र शून्य आले.

मार्गदर्शक बाई माझ्या मुलीहून लहान. त्यांनी कागद चाळले. "काका, सरस! एकही रकाना रिकामा नाही. महिनाअखेर सादर करून टाका."

मी होकार दिला. परतताना बसमध्ये एक घर आठवत राहिले. तेथला कारागीर मला पाहताच खाटेवरून उठून उभा राहिला होता.

"एक बी खाडा नही, मास्तर."

आतून त्याची बायको म्हणाली, "आनि कावीळ व्हयनी तव्हय महिनाभर खाटवर कोन व्हतं? मना बाप?"

"गप बस वं. मास्तर लिखी राहिनात."

मी शून्यच लिहिले. उत्तर देणारा सांगेल तेच लिहावे, असे संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवले होते.

सलग तीन खाडे झाले की माग दुसऱ्याला. हा नियम मालकाचा नव्हता, माझा होता. कारखाना सोडून मला चार वर्षे झाली. कारागिरांच्या लेखी मी अजून तेथेच होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितले की उत्तरे खोटी आहेत आणि ती माझ्यामुळे.

"मर्यादा म्हणून एक परिच्छेद लिहा, काका. नाहीतर वर्ष जाईल. आणि या वयात..."

मी कागद परत मागून घेतले. वर्ष गेले.

उन्हाळ्यात पुन्हा तीच घरे घेतली, या वेळी पुरुष पाळीवर गेलेले असताना. लोखंडी जिने उभे आहेत. गुडघे पहिल्यासारखे नाहीत. प्रत्येक मजल्यावर थांबावे लागले. पहिले घर त्या काविळीवाल्या कारागिराचेच घेतले. त्याची बायको साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. हात न थांबवता तिने विचारले, "आते तुम्हना हातमा माग शेतस का, मास्तर?"

"नाहीत."

"एक बी नही?"

"एकही नाही."

"मंग बठा. लिखा."

मी खाली बसलो. चहा येऊन गेला, तरी गेल्या उन्हाळ्यापासून मोजत आम्ही दिवाळीच्या खाड्यांपर्यंतच पोहोचलो होतो.