मूळ प्रत न देण्याचे माझे तत्त्व

तक्रारदार : मी स्वतः, अंधेरीच्या एका कचेरीबाहेर वीस वर्षे टेबल टाकून अर्ज लिहून देणारा. विरुद्ध : घरचा संगणक. घटनास्थळ : चारकोपमधील आमच्या सोसायटीचा हॉल. दिवस : सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा रविवार. साक्षीदार : पत्नी सुनंदा, कन्या मृणाल, मेहुणा बाळा व जेवायला आलेले समस्त नातेवाईक (यांची साक्ष मला अगोदरच अमान्य आहे!).

हकिकत अशी की, मृणालने घरोघरचे जुने फोटो आणून 'स्कॅन' नावाच्या फोल्डरमध्ये घेतले व ज्याचे त्याला परत केले. त्यात कैलासवासी सासरेबुवांचा (घरच्यांच्या दादांचा) एकुलता एक फोटोही होता. सासूबाईंना तो पडद्यावर मोठा झालेला पाहायचा होता; बाकी समारंभाशी त्यांना कर्तव्य नव्हते. पुढे मृणालने 'कार्यक्रम' हा दुसरा फोल्डर केला. त्यात तेच फोटो ओळीने दिसत. (प्रत्यक्षात तिथे फोटो नव्हतेच! 'फोटो तिकडे स्कॅनमध्ये आहे' असे सांगणाऱ्या नुसत्या पाट्या होत्या. ही बाब मला कोणीही लेखी कळवलेली नाही.)

शनिवारी मृणालचा ऑफिसातून फोन आला. "बाबा, 'कार्यक्रम' मी घरी आल्यावर इंटरनेटवर चढवते, म्हणजे हॉलमध्ये उघडता येईल. तुम्ही हात लावू नका हं!"

हात लावू नका? मला? मी तत्काळ हात लावला!

चढवताना यंत्राने स्वच्छ मराठीत विचारले : 'लिंकमागील मूळ फाइल पाठवायची का?' मूळ? वीस वर्षांत मी भल्याभल्या साहेबांना मूळ कागद दिला नाही, तो या उपटसुंभाला देऊ? मी ठणकावून 'नाही' दाबले. काम क्षणार्धात झाले! एवढ्या झटपट सरकारी शिपाईसुद्धा चहाला जात नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. उलट तेच फोटो दोन ठिकाणी कशाला, म्हणून मी 'स्कॅन' पुसून टाकला. स्कॅन म्हणजे नक्कल, हे शेंबडे पोरही जाणते! संगणकातली कचरापेटीही मी स्वहस्ते रिकामी केली. रात्री मृणालला 'सगळे चढवले' असे तोंडी कळवले; तिने यादीतली नावे तेवढी पाहिली व मान डोलावली.

रविवारी हॉल भरला. पडदा लागला. पडद्यावर उमटले 'दादांचा फोटो' हे नाव, आणि खाली पांढरे रिकामे चौकोन!

"दादा खूपच गोरे झाले की!" बाळा ओरडला.

"बाबा, मूळ फाइली नाही पाठवल्यात?" मृणाल किंचाळली. "नुसत्या पाट्या चढवल्यात! थांबा, घरी पळते. 'स्कॅन' आहे ना तिथे?"

मी घसा खाकरला.

"अहो," सुनंदा हळूच म्हणाली (ती हळू बोलली की मला घाम फुटतो), "काय केलंत?"

"अनावश्यक नक्कल नष्ट केली," मी बाणेदारपणे म्हणालो.

"वाट लावली!" बाळाने निकाल दिला.

मी संतापलो. संगणकाला, मृणालच्या पाट्यांना, पडदेवाल्यालाही बोललो! तेवढ्यात सासूबाईंनी कमरेचा बटवा सोडला व घडी घातलेल्या रुमालातून सासरेबुवांचा फोटो काढला.

"मोठो नाय तर नाय," त्या म्हणाल्या, "पण मूळ वस्तू मी कोणाक देणंय नाय, जावयानू. पोरीनं काम केल्यान आणि मी लगेच परत घेतलंय."

तो बोटभर फोटो हातोहात हॉलभर फिरला. सगळ्यांनी पाहिला. मला मात्र बाळाने हातात घेऊ दिला नाही. "भावजी, तुम्ही लांबूनच बघा!"

उरलेले फोटो आणायला आता मृणाल पुन्हा नाहूरपासून जोगेश्वरीपर्यंत हिंडणार असून मी मागून फक्त पिशवी धरायची, असा एकतर्फी हुकूम सुनंदाने काढला आहे.

तरी, सदर यंत्रास कडक शासन व्हावे, पिशवीचा हुकूम रद्द व्हावा आणि उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

सोबत : पुरावा जोडलेला नाही. तो मीच पुसला आहे.