मुरलीची चौकशी

विद्यालक्ष्मीबाईंनी मद्रासेत तिरुवल्लिकेणीतल्या एका शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी मरिना बीचवर फिरायला गेल्या की पोटं सुटलेले बाप्ये त्यांना बघून हातातली सुंडलची, म्हणजे चण्याच्या उसळीची, पुडी पाठीमागे लपवतात. घरातली मराठी तंजावरची, म्हणजे तीनशे वर्षं जुनी आणि वरून तमिळची फोडणी दिलेली. मद्रासेतल्या त्यांच्या समाजात घरं मोजकी, आणि त्यातली निम्मी पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे कुणाचं लग्न निघालं की चौकशीचा पहिला फोन बाईंनाच यायचा. मुलगा कसा आहे, मुलगी कशी आहे, घरात कसे वागतात.

ह्या चौकशांबाबत बाईंचा एक कायदा होता. गुण दोन बोटं वाढवून सांगायचे. दोष विचारला तरच सांगायचा, आणि तो शाळेतल्या दिवसांचा असेल तर सरळ गिळून टाकायचा. नववीतल्या चुकीसाठी कुणाचं लग्न मोडायचं म्हणजे पापच, असं त्यांचं ठाम मत होतं. ह्या कायद्याने एकोणीस लग्नं जमली होती आणि एकही मोडलं नव्हतं.

तर एका गुरुवारी सकाळी सांबार उकळत असताना फोन आला.

"विद्यालक्ष्मी मॅडम का? मी संयुक्ता बोलतेय, नुंगंबाक्कमहून. मुरलींबद्दल थोडं विचारायचं होतं. त्यांच्या बोलण्यात तुमचं नाव आलं, नंबर मी शाळेतून मिळवला."

मराठी अशी खणखणीत की तिला पुण्याचं पाणी लागलेलं लगेच कळत होतं. बाईंनी गॅस बंद केला. मद्रासेत अनोळखी बाई फोन करते, मराठीत बोलते आणि त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, बत्तीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुरलीची चौकशी करते, ह्याला दुसरं काय कारण असणार? मुरलीची आई वसंता मुलाची पत्रिका घेऊन चार वर्षं वणवण हिंडत होती. एकदाचं देवाने ऐकलं, तेही पुण्याचं स्थळ! बाईंना इतका आनंद झाला की त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पलीकडून कसल्याशा कंपनीचं इंग्रजी नाव सांगितलं गेलं, ते त्यांनी मुलीची नोकरी म्हणून सोडून दिलं.

प्रश्नही असे की संशयाला जागा नाही. रागीट आहेत का? मतभेद झाले तर बोलून सोडवतात की धुमसत राहतात? अडचण आली की सोडून जातात का? बाईंना त्या पोरीचं कौतुक वाटलं. आमच्या वेळी मुलीला मान वर करायची चोरी, आणि ही स्वतःच फोन करून सगळं खणून काढतेय. बाईंनी गुण दोन बोटं नव्हे, चांगले वीतभर वाढवून सांगितले.

मग संयुक्ता म्हणाली, "पैशाच्या बाबतीत कसे आहेत? लहानपणी पैशांचा काही प्रसंग घडला होता? तुम्हाला आठवतोय?"

बाईंना आठवत होता की. पण कायदा म्हणजे कायदा.

"छे, छे! तसलें काहीच नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पैशास त्यानें कधीं हात लावला नाही. सोनें आहे मुलगा."

"नक्की, मॅडम?"

"देवाशपथ."

पलीकडून आभार मानून फोन ठेवला गेला. बाईंनी लगेच वसंताला फोन करून लाडू करायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरली सिरुसेरीहून मोटारसायकलवर तडक बाईंच्या दारात आला. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. बाईंचे यजमान अनंतराव पेपर वाचत बसले होते, त्यांनी खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

"टीचर, अम्मा सांगते माझें लग्न ठरलें म्हणून. काल तुम्हांस कोणाचा फोन आला?"

बाईंनी सांगितलं. मुरलीने डोळे मिटले आणि मग तो जमिनीवरच बसला.

त्याने जे सांगितलं ते समजायला बाईंना अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी तीन वेळा तोंडात बोटं घातली. मुरलीची एक कंपनी होती, अकरा माणसांची. दर्यावर फिरणाऱ्या खलाशांचा पगार घरी पोचायला आठवडा लागायचा आणि वाटेत प्रत्येक जण आपला हात धुऊन घ्यायचा. मुरलीची कंपनी तो पगार क्रिप्टोच्या नाण्यांतून काही मिनिटांत पोचवणार होती. हे नाणं हातात धरता येत नाही, त्याची किंमत डॉलरला बांधलेली, आणि त्याची तिजोरी उघडते ती चोवीस शब्दांच्या एका चावीने. चावी ज्याच्याकडे, पैसा त्याचा. ती चोरीला गेली तर तक्रार करायला ना मॅनेजर, ना शाखा. संयुक्ता अशा कोवळ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एका फंडाची भागीदार होती आणि मुरलीला सहा कोटी देणार होती.

"सहा कोटी," बाई म्हणाल्या. "तारण काय दिलेंस?"

"काही नाही, टीचर."

"जामीन कोण?"

"कोणी नाही. ते कर्ज देत नाहीत. कंपनीचा पांचवा हिस्सा घेतात. कंपनी चालली तर त्यांचा हिस्सा वाढतो."

"आणि बुडाली तर?"

"तर बुडाली. मज काही परत करावें लागत नाही."

अनंतरावांनी पेपर खाली ठेवला. बंदराच्या कचेरीत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती, आणि तिथे टाचणीची डबी मागायलासुद्धा दोन सह्या लागायच्या.

"मग ते पाहतात तरी काय?" त्यांनी विचारलं.

"माणूस पाहतात, अप्पा. आमची कंपनी म्हणजे अजून काही नाहीच. नफा नाही, गिऱ्हाईक थोडें, कायद्याचेंही पुरतें ठरलें नाही. म्हणून मी कोण तें पाहतात. मी नांवें दिलीं त्यांस विचारतात, आणि न दिलेलीं नांवें शोधून त्यांस अधिक विचारतात. मला विचारलें, पैशाच्या बाबतींत तुमची सर्वांत मोठी चूक कोणती? मी संचयिकेचें सांगितलें."

"संचयिकेचें?" बाईंनी विचारलं.

संचयिका म्हणजे शाळेतली मुलांनी मुलांसाठी चालवलेली बचत बँक. रुपया-दोन रुपये भरायचे, पासबुकात लिहून घ्यायचे. त्या वर्षी कॅशियर होता नववीतला मुरली, पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली एक जुनी हार्ड डिस्क त्याच्या मनात भरली आणि त्याने पेटीतले तीनशे चाळीस रुपये उचलले. बाईंनी त्याला पकडलं, किल्ली काढून घेतली, पण कुणाला सांगितलं नाही. फक्त रोज सकाळी त्याला समोर उभं करून "किती राहिले?" एवढंच विचारलं. घरोघरी पेपर टाकून त्याने चार महिन्यांत सगळे पैसे आणून दिले. अठरा वर्षं ही गोष्ट दोघांच्या पोटात होती.

"तूं आपण होऊन सांगितलेंस? सहा कोटी देणारीस?"

"तिजोरीची चावी माझ्या हातांत देणार ती. तिला नको कळायला?"

तेहतीस वर्षांत बाईंनी किती पोरांना खरं बोलायला शिकवलं असेल, पण शिकवलेलं असं मोठं होऊन दारात येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"पण आतां ती समजते की मी गोष्ट रचून सांगितली," मुरली म्हणाला. "लहान चोरी कबूल करायची आणि विश्वास मिळवायचा, असें करणारे तिनें पाहिले आहेत. सर्व थांबवलें तिनें. तीन आठवड्यांचे पगार उरलेत, मग अकराही जण घरीं."

बाईंनी त्याला कॉफी दिली, तो गेला. मग त्या देवासमोर जाऊन बसल्या, आणि उठल्या तेव्हा साडी बदलून आल्या.

"चला," त्या अनंतरावांना म्हणाल्या. "नुंगंबाक्कमास जायचें आहे."

ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं, भिंती काचेच्या. कोट्यवधी रुपयांचा व्यवहार होतो तिथे एखादी तिजोरी, निदान एखादं जाडजूड रजिस्टर तरी असेल असं बाईंना वाटलं होतं. तिथे होतं एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या. संयुक्ता चाळिशीच्या आतली, कापलेल्या केसांची, पायात कोल्हापुरी. तिने वाकून नमस्कार केला आणि दोघांना बसवलं.

बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. त्या लग्नाचं समजल्या होत्या हे कळल्यावर संयुक्ताला हसू आवरेना, पण पुढे ऐकता ऐकता ते मावळलं.

"काकू, रागावू नका," ती म्हणाली. "मुरली आज तुमच्याकडे येऊन गेले ना?"

"आला होता."

"मग तुम्ही आता जे सांगताय ते त्यांनीच तुम्हाला सांगितलं असू शकतं. मी गेल्या वर्षी सहाशे कंपन्या पाहिल्या आणि नऊ जणांना पैसे दिले. त्यातल्या सहा बुडणार, हे मला आजच माहीत आहे. फक्त कुठल्या सहा, ते माहीत नाही. धंदा बुडाला तर मी झोपू शकते. माणूस खोटा निघाला तर नाही. आणि हा पैसा माझा नाही, लोकांनी विश्वासाने दिलाय."

बाईंना तिचा राग आला नाही. उलट, इतकं बुडणार हे माहीत असून रोज सकाळी उठून नव्या माणसावर विश्वास ठेवायला बसणारी ही पोर बघून त्यांना नवल वाटत होतं. आपण तीनशे चाळीस रुपयांसाठी चार महिने एका पोराला दारात उभं केलं. ही बुडीत धरूनच पैसे सोडते. ही छाती आपल्याला कधीच झाली नसती.

पण आता काय करायचं? मुरलीला माहीत आहे ते सांगून उपयोग नव्हता. सांगायचं तर त्याला माहीत नाही तेच सांगायला हवं होतं. आणि तसलं एक होतं. बाईंनी एकदा अनंतरावांकडे पाहिलं आणि हात टेबलावर ठेवले.

"त्यानें पैसे उचलले, त्यानंतर आठव्या दिवशीं संचयिकेची तपासणी होती," त्या म्हणाल्या. "पैसे कमी दिसले असते तर मुलास शाळेंतून काढलें असतें. मी घरचे तीनशे चाळीस आणून पेटींत टाकले. त्यानें खाडाखोड केलेलें पान मी फाडलें, नवें लिहिलें, सही केली. तपासणीस आलेल्यांनीं माझी पाठ थोपटली. मुरलीस हें ठाऊक नाही. तो समजतो तपासणी झालीच नाही."

बाईंनी समोरच्या बाटलीतलं घोटभर पाणी घेतलं आणि पुढे सांगितलं.

"पुढें तो रोज रुपये आणून देई, ते मी पेटींत कसे टाकूं? पेटी तर भरलेली. दहावींत त्याच्या बापाचें काम गेलें. परीक्षेची फी आणि पुस्तकें, सर्व त्याच पैशांत मी भरलें. त्यास सांगितलें, शाळेनें माफ केली. आतां विचारा त्यास."

संयुक्ताने फोन उचलून स्पीकरवर लावला.

"मुरली, एकच प्रश्न. दहावीच्या परीक्षेची फी कुणी भरली होती?"

"फी?" मुरली गोंधळला. "भरली नव्हती. शाळेनं माफ केली. का?"

"काही नाही," संयुक्ता म्हणाली. "सोमवारी कागद पाठवते. सहीला या."

तिने फोन ठेवला आणि उठून बाईंचे दोन्ही हात धरले. "दोघांनी मिळून रचलेलं असतं तर त्यांनी तुमचंच नाव घेतलं असतं. आणि हे तुम्ही सांगायची काहीच गरज नव्हती, काकू," ती म्हणाली, आणि तिचे डोळे ओले झाले होते.

बसस्टॉपवर दोघं येऊन उभी राहिली. ज्या नवऱ्याने कचेरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही, त्याच्यासमोर आपण खोटं पान लिहिल्याचं कबूल केलं, ह्याने बाईंची मान खाली होती.

"तीनशे चाळीस," अनंतराव म्हणाले.

"हं."

"त्या वर्षीं पोंगलाच्या आधीं माझ्या पाकिटांतून गेलेले. पगार होऊन दोन दिवस झालेले."

बाईंनी चमकून वर पाहिलं. "तुम्हांस ठाऊक होतें?"

"मोजले की मी."

"मग अठरा वर्षांत एकदां तरी विचारायचें होतें!"

"विचारून काय करूं?" अनंतराव म्हणाले. "घरांत दोघेंच. तूंच घेतलेस हें उघड होतें. आणि तूं घेतलेस म्हणजे कामासच लागले असतील."

सकाळपासून बाई त्या काचेच्या खोलीतल्या लोकांचं नवल करत होत्या, जे गावभर चौकशी करतात आणि मग तारणाशिवाय कोटी देतात. ह्या माणसाने तर कुणालाही काही विचारलं नव्हतं. बस आली तेव्हा बाईंना पायरी नीट दिसेना. अनंतरावांनी दंडाला धरून त्यांना वर चढवलं आणि दोन तिकिटं काढली.