हाताने फिरवायची लेन्स

आमच्या घरात ‘लेन्स’ हा शब्द मोठ्याने उच्चारायला बंदी आहे.

बंदी माझ्या बायकोने, म्हणजे वसुधाने घातली आहे आणि ती फक्त मला लागू आहे. (घरात आम्ही दोघंच. बहुमत कुणाचं, हे सांगायला नको!) तेव्हापासून मी नुसतं ‘काच’ म्हणतो.

पंचायत समितीच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर मला या काचांचा नाद लागला. चाळीस-चाळीस वर्षांच्या, धातूच्या, मनगट दुखेल इतक्या जड लेन्स. कॅमेरा डिजिटल, पण तोही पहिल्या जमान्यातला. त्याच्या मुठीवरचं रबर चिकट झालं की मी ते स्पिरिटने पुसतो, बॅटरीची टोकं खोडरबराने घासतो, आणि काही काम नसलं तरी महिन्यातून एकदा त्याला चालू करून त्याची विचारपूस करतो. “एवढी काळजी स्वतःच्या गुडघ्यांची घेतली असतीत तर!” असं वसुधा म्हणते. तिला काय कळणार! या लेन्स आपोआप फोकस करत नाहीत. पुढचं कडं हाताने हळूहळू फिरवायचं आणि चित्र लख्ख झालं की थांबायचं. त्या फिरवण्यात मी तासन्‌तास रमतो.

डहाणूची हवा मात्र या छंदाच्या मुळावर उठलेली. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मीठ ओलं, पापड मऊ आणि लेन्सला बुरशी! म्हणून मी लेन्स हवाबंद डब्यात ठेवतो, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. शिवाय अधूनमधून गच्चीवर ऊन दाखवतो. तरीही काही महिने माझे फोटो धुरकट येत होते. माझ्या सगळ्यात लाडक्या जपानी लेन्सला आतून बुरशी आलीय, असं निदान मी करून टाकलं. (निदान करताना मी कुणाला विचारत नाही.)

याच सुमारास माझे सासरे, अप्पा, तलासरीहून आमच्याकडे आले. वय ऐंशी, रिटायर्ड हेडमास्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहात साखर समजून मीठ घालत, ओट्याची पायरी चुकून एकदा पडलेसुद्धा. डॉक्टर म्हणाले होते, “आता आणखी लांबवू नका, नजर जाईल.” दोन वर्षं वसुधा त्यांच्या विनवण्या करत होती, तेव्हा कुठे ते ऑपरेशनला कबूल झाले होते. गुरुवारी ऑपरेशन होतं. वसुधाने मला बजावून ठेवलं होतं, “अहो, अप्पा मनातून घाबरलेत. तुम्ही काही बोलू नका. बरं बोलायला जाल आणि भलतंच बोलाल.”

मी अक्षरशः एक शब्द बोललो नाही. अप्पांशी!

बुधवारी सकाळी बोईसरच्या देशमुखचा फोन आला. तोही माझ्यासारखाच काचवेडा. (कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याला आम्ही दोघं ‘डॉक्टर’ म्हणतो.) घरात रेंज नसते, म्हणून मी कॅमेरा गळ्यात अडकवून बाल्कनीत गेलो आणि मोठ्याने बोलू लागलो. आत हॉलमधल्या झोपाळ्यावर अप्पा बसले होते. त्यांना ऐकू गेली ती फक्त माझी बाजू, आणि ती अशी :

“लेन्स ना? नवीन कशाला? जुनीच बसवायची! चाळीस वर्षांची आहे.”

“अरे, आधीचा मालक वारला. त्याच्या बायकोनेच काढून दिली.”

“बुरशी आहे थोडी. उन्हात दोन दिवस ठेवली की मरते.”

“नीट बसत नाही, मध्ये पितळी रिंग घालावी लागते. नाहीच बसली तर जरा ठोकायची.”

“छे छे, ऑटोमॅटिक नाही! हाताने फिरवायची. लांबचं बघायचं तर डावीकडे, जवळचं बघायचं तर उजवीकडे.”

“डॉक्टर कशाला पाहिजे? स्क्रू ड्रायव्हर आहे ना घरात! उद्या सकाळीच उरकून टाकतो.”

मी खूश होऊन आत आलो. झोपाळा एकटाच हलत होता.

वसुधा शिऱ्याची बशी घेऊन बाहेर आली. “अप्पा कुठायत?”

“असतील इथेच.”

अप्पा नव्हते. त्यांची पिशवीही नव्हती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेन धापा टाकत वर आल्या. त्यांचं मराठी त्यांनी स्वतः तयार केलेलं आहे.

“वसुबेन, अप्पाजी तर स्टँडवर गेला! मला बोलला, मेलेला माणसाचा डोला मला नको!” मग माझ्याकडे वळून अगदी काळजीने विचारलं, “भाई, खरंच डोला गच्चीवर सुकवते? बोंबील सुकवते तसा?”

वसुधाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तीस वर्षं संसार केलाय तिने. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दोन वर्षं लागली हो मला,” ती म्हणाली. “त्यांना घेऊन या. नाहीतर तुम्हीही येऊ नका.”

मी स्कूटर काढली ती थेट एसटी स्टँडवर.

अप्पा बाकावर बसले होते आणि त्यांच्याभोवती चांगली सभा भरली होती. शेजारी चिंचणीची एक मासेवाली रिकामी पाटी घेऊन बसली होती, समोर दोन-चार प्रवासी आणि एक कंडक्टर उभे होते. म्हणजे सगळी कथा सांगून झाली होती!

“हाच काय तो जावय?” मासेवालीने विचारलं.

“हेच,” अप्पा म्हणाले.

“काय रे भाऊ, सासऱ्याला नवीन डोळा घ्यायला काय होतं तुला?”

“अहो मावशी, ती कॅमेऱ्याची लेन्स! ही बघा!” मी कॅमेरा वर धरला. “अप्पा, तुम्हाला नवीकोरी बसवणार आहेत. ही वेगळी. थांबा, दाखवतोच.” मी कडं फिरवलं, अप्पांचा फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर सगळ्यांना दाखवला.

“अगो बाय!” मासेवाली म्हणाली. “भूतच दिसतंय!”

“बुरशी आहे ना लेन्सला,” मी म्हणालो.

“मग असली लेन्स लोकाच्या डोळ्यात कशाला घालता?” कंडक्टरने विचारलं. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात!

अप्पा मात्र आता शाळा तपासायला आल्यासारखे ताठ बसले. “जावईबापू, कॅमेरा या बाईंकडे द्या.”

मी गळ्यातून काढून दिला. मासेवालीने पदराला हात पुसले, डोळा लावला, मी सांगितलं तसं कडं फिरवलं आणि अप्पांवर रोखून बटण दाबलं. सगळे पडद्यावर वाकले. “आयला! मिशीचा केस न्‌ केस मोजून घ्या!” कंडक्टर म्हणाला. मी सवयीने एकच डोळा लावून पाहिलं; मला मात्र तोही फोटो धुरकटच दिसत होता.

“कॅमेऱ्याला उजवा डोळा लावता ना? मग डावा झाका,” अप्पा म्हणाले. “त्या एसटीच्या पाटीवर काय लिहिलंय?”

“तारापूर,” मी खणखणीत आवाजात वाचलं.

बाकावर हसण्याचा स्फोट झाला. ती अप्पांची तलासरी गाडी होती!

गाडी निघून गेली. अप्पा बसूनच राहिले. हसून झाल्यावर हळूच म्हणाले, “खरं सांगू? बुरशी, ठोकाठोकी, मला अर्धं पटलंच नव्हतं. पण भीती फार वाटत होती हो. पळायला निमित्त मिळालं.” मी त्यांचा हात धरला. मलाही त्या क्षणी भीती वाटायला लागली होती, माझ्या उजव्या डोळ्याची. “चला,” ते म्हणाले, “दोघं मिळून जाऊ. एकट्याने जायला नको वाटतं.”

गुरुवारी अप्पांचा पहिला डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी वसुधाला पाहिलं. “किती वाळलीस गं!” म्हणाले आणि दोघं बापलेक रडली. मग त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या सूचना एका दमात वाचून काढल्या.

पुढच्या आठवड्यात माझा नंबर लागला. इतके महिने काचा उन्हात घालत होतो, आणि धुरकट होती ती माझ्याच डोळ्यातली! तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “लेन्स कोणती बसवायची? दोन-तीन प्रकार आहेत.”

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून ठणठणीत हेडमास्तरी आवाज आला.

“डॉक्टर, यांना जुनीच बसवा, हाताने फिरवायची! फार हौस आहे त्यांना. आणि नीट नाही बसली, तर जरा ठोका!”