तिसऱ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट

२९ फेब्रुवारी २००० या दिवशी मंगळवार होता. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षांना हा दिवस सहसा मिळत नाही. त्या वर्षाला चारशेनेही भाग जातो, म्हणून मिळाला. त्या मंगळवारी एका जुन्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. कामावर त्याला सगळे खात्रीराव म्हणत. स्क्रू घट्ट बसल्याचे हाताला कळले, तरी तो आणखी एकदा पिळून पाही.

त्या दिवशी त्याच्या हातून चूक झाली, आणि ती त्याच्याच धंद्यातल्या माणसाकडून व्हावी अशी होती. इमारतीत शेजारी शेजारी दोन लिफ्ट होत्या आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्यांचे दोन मुख्य स्विच. डावा स्विच डाव्या लिफ्टचा, हे सगळीकडे ठरलेले. इथे मात्र मशीनरूमचे दार मागच्या बाजूला होते. आत शिरणाऱ्याचा डावा हात तो खाली उभ्या असलेल्याचा उजवा, म्हणजे इथला डावा स्विच उजव्या लिफ्टचा. सरावलेल्या हाताने त्याने डावा स्विच पाडून बंद केला, त्याला कुलूप घातले आणि डाव्या लिफ्टच्या खड्ड्यात जाऊन बसला. कोणाचा पाय आत पडू नये म्हणून तळमजल्याचे दारही आतून ओढून घेतले. बटण दाबून लिफ्ट खरोखर मेली आहे का हे पाहायचे तेवढे राहिले.

नुकत्याच पाळीवर आलेल्या वॉचमनने खाली बटण दाबले. वर मोटर घुमली, तेव्हा शेजारची लिफ्ट निघाली असेल असे खात्रीरावाला वाटले. मग डोक्यावरचा अंधार खाली सरकू लागला. त्या खड्ड्यात लिफ्ट टेकल्यावर माणूस मावण्याइतकी जागा उरत नसे. तो दाराची कडी चाचपू लागला. बोटे ग्रीसने माखलेली, कडी सापडेना. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि थांबूनच राहिली. जाळीचे दार उघडे असले की ती हलत नाही; म्हणजे कोणीतरी ते उघडे धरले होते. त्याने कडी काढली, बाहेर पडला, दार लावले. काही वेळाने लिफ्ट खाली आली. आत कोणी नव्हते.

घरी सांगायचे नाही असे त्याने ठरवले होते. पण पाणी पिताना पेला अंगावर सांडला, आणि आईने सगळे काढून घेतले.

"देवाने राखलं तुला," ती म्हणाली. "आता तरी रविवारी ऊठ."

आई ज्या प्रार्थनामंडळीत जात असे, तिथे जन्माने कोणालाही आपले धरत नसत. ज्याला देवाच्या मागे चालायचे असेल त्याने सर्वांसमोर उभे राहून तसे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे. खात्रीराव लहानपणापासून शेवटच्या बाकावर बसत आला होता. सभेचा पंखा कुरकुरला की सर्वांत आधी तोच उठे. म्हणायला मात्र कधी उठला नव्हता.

झोप उडाली. कामावर तो एकेका स्विचपाशी परत परत जाऊ लागला. "अहो, गॅस बंद केलाय मी. तुम्ही पाहिलाय. मीही पाहिलाय. आता गॅसलाच विचारा," बायको म्हणाली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत जाऊन तिसऱ्या मजल्याची दोन्ही दारे त्याने ठोठावली. एकाला कुलूप होते. दुसऱ्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला नाही बाबा लिफ्ट चालत, जीव गुदमरतो. मी जिन्यानेच जाते." वॉचमनने कोणाला चढताना वा उतरताना पाहिले नव्हते. बंद घरातली माणसे परतली, तेव्हा त्यांनाही विचारून झाले. ती त्या दिवशी गावात नव्हती.

"शोधून काय करणार आहेस?" आईने विचारले. ती भाजी निवडत होती. "माणूस सापडला तर देव नाही, आणि नाही सापडला तर आहे, असा हिशेब आहे का तुझा?"

"आणि उस्ताद?" तो एकदम म्हणाला. उस्तादांनी त्याला हे काम शिकवले होते. तेही याच मंडळीतले, पहिल्या बाकावरचे. त्यांचा जीव अशाच खड्ड्यात गेला होता. "त्यांच्या वेळी दार धरायला कोणी का नव्हतं? ते माझ्यापेक्षा कमी भाविक होते का गं?"

आईने भाजी बाजूला सारली. तिच्यापाशी उत्तर असेल अशी त्याची समजूत होती. इतक्या वर्षांत ते मागण्याचे धाडस तेवढे झाले नव्हते.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मीही त्याला विचारते. रोज. अजून काही बोलला नाही."

"आणि तरी जातेस?"

"तरी जाते. तो माझ्याबरोबर राहिलाय, एवढं मला ठाऊक आहे. तुझं तू बघ. मी तुझ्या वाटचं चालू शकत नाही, आणि माझे गुडघेही तसे राहिले नाहीत."

तो उठून बाहेर गेला आणि घरासमोरच्या गल्लीत येरझाऱ्या घालत राहिला. खात्री पटली की मग, असे तो आजवर म्हणत आला होता. आईला खात्री नव्हती आणि ती चालत होती.

रविवारी तो उभा राहिला. पंखा ठीक चालला होता, म्हणून माना वळल्या.

"मला कोणी वाचवलं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "देवाने वाचवलं असं म्हणायला आईने सांगितलंय. तपासल्याशिवाय मी ते म्हणणार नाही. उस्ताद का गेले, तेही कळलेलं नाही. पण आजपासून मी देवाच्या मागे चालणार. हे माझं मी ठरवलंय. लिफ्ट मधे थांबली नसती आणि मी जगलो असतो, तरी हेच ठरवायला हवं होतं."

"जगला असतास कसा?" कोणीतरी मागून पुटपुटले. आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "बस आता. लांबवू नकोस."

त्याची अस्वस्थता त्यानंतर गेली असे म्हणता येत नाही. गॅस तो अजूनही पाहतो, असे बायको सांगते. फक्त खड्ड्यात उतरण्यापूर्वी बटण दाबतो, आणि मग क्षणभर डोळे मिटतो. बटणावर भरवसा नाही म्हणून, की देवावर आहे म्हणून, हे त्याने कोणाला सांगितलेले नाही. तिसऱ्या मजल्यावर दार कोणी धरले होते, ते आजही कळलेले नाही.