आंधळं कासव

आमच्या काचेच्या टाकीतलं कासव खायचं थांबलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "नखरे करतंय. भूक लागली की खाईल." पंधरा दिवसांनी तिनेच हट्टाने डॉक्टरांकडे न्यायला लावलं.

सुजलेल्या पापण्या तपासत त्यांनी विचारलं, "घाण पाण्याने डोळे जातात यांचे. पाणी कधी बदलता?"

ते काम माझं होतं. "दर आठवड्याला," मी खोटंच सांगितलं. बायको शेजारीच होती; तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

कासवाची दृष्टी गेली ती गेलीच. आता रोज सकाळी मी त्याला तळहातावर घेऊन पालकाचा तुकडा तोंडाला लावतो. ज्याला ओरडता येत नाही, त्याचं दुखणं आपण किती सहज स्वभाव समजतो!

काल बायको कौतुकाने म्हणाली, "फक्त तुमच्याच हातून खातं हो ते."

मला मान वर करवली नाही.