न खुळखुळणारं पिस्तूल

आमच्या वहिनीला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की मला हसूच येतं. बिचारी म्हणे! चांदमारीच्या मैदानावर तिचा आवाज गोळीच्या आधी पोचायचा.

पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही दोघी नणंद-भावजय कामाला होतो. ती शस्त्रागारात, बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करायला. मी मैदानावर, टार्गेटांची भोकं बुजवायला. कागदाच्या छोट्या चिकट्या लावायच्या आणि पाटी पुन्हा उभी करायची, एवढंच माझं काम. पण ते काम करणाऱ्याला कुणाचा नेम कसा आहे, हे त्या माणसाच्या आईपेक्षा जास्त कळतं.

वहिनीला ढिलेपणाचा राग. आमच्या घरात डब्याचं झाकण वाजत नाही, दाराची कडी हलत नाही. दादाच्या खुर्चीचा पाय डुगडुगला तर ती त्याला जेवत्या ताटावरून उठवायची. दादा म्हणायचा, “लग्नात हिने मला हलवून बघितलं नाही, हे माझं नशीब.”

अशा बाईच्या पदरात आमची सरकारी पिस्तुलं पडली होती. साधी, लष्करी धाटणीची, एका लॉटची. चिखलात पडली तरी चालावीत म्हणून मुळातच सैल बनवलेली. हलवली की आतून वाजायची, म्हणून सगळे त्यांना खुळखुळा म्हणत. त्यांतून गोळ्या विखरून तर जायच्याच, शिवाय सगळ्या डावीकडे वर सरकायच्या. “खुळखुळा तो खुळखुळाच,” असं म्हणून लोक मोकळे व्हायचे.

त्या वर्षी मोठ्या साहेबांनी ठरवलं की दुरुस्तीचं काम बाहेर द्यायचं. वहिनीचं टेबल उचलायचं आणि तिला कोठीत गणवेश वाटायला बसवायचं. वहिनी तडक त्यांच्या खोलीत गेली.

“साहेब, केंद्रांच्या नेमबाजी स्पर्धेपर्यंत थांबा. एका खुळखुळ्याला मी माणसात आणते. जमलं तर टेबल माझं.”

साहेब हसले आणि हो म्हणाले. हसून दिलेला होकार फार टिकत नाही, पण आम्हाला तेव्हा ते सुचलं नाही.

तिने कप्तानाचं पिस्तूल घेतलं. कप्तान म्हणजे आमच्या चमूचा म्होरक्या, मिशीला पीळ आणि बोलण्यालाही पीळ. वहिनीचं म्हणणं साधं होतं. “दर गोळीनंतर नळी परत त्याच जागी बसली पाहिजे. आज इथे, उद्या तिथे, असं पाहुण्यासारखं चालायचं नाही.” ती भागांना काजळी लावायची, जोडायची, उघडायची, कुठे घासलंय ते बघायची आणि कानशीने इतकं हळू घासायची की मला वाटे नुसतं गोंजारतेय. शेवटी टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरतात तो उंचवटा, ती तिने नवी बसवली. मग पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून गोळ्या झाडल्या. मी पाटीपाशी धावत गेले. सगळी भोकं मधोमध, बशीखाली झाकतील अशी.

इथे वहिनीने माती खाल्ली. शहाण्या बाईने गप्प बसावं की नाही? ती मैदानभर सांगत सुटली, “आता आंधळ्यालाही लागेल!”

दुसऱ्या दिवशी कप्तानाने तेच पिस्तूल उचललं. सगळे जमले होते. पहिली गोळी खाली उजवीकडे. दुसरीही तिथेच. पाचही तिथेच, पाटीच्या कोपऱ्यात, एकमेकींना खेटून.

“बिघडवलं!” कप्तान ओरडला. “बाईने चांगलं पिस्तूल बिघडवलं!” मग जे हसू फुटलं, ते आठवलं की आजही माझ्या हाताची मूठ वळते.

मी मात्र त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. खुळखुळे डावीकडे वर मारायचे, म्हणून आमचे सगळे वीर वर्षानुवर्षं खाली उजवीकडे नेम धरायला शिकले होते. नवा माणूस आला की जुना त्याच्या कानात सांगायचा, “मधे बघू नकोस, कोपऱ्यात बघ.” तेच त्यांचं शास्त्र झालं होतं. वहिनीने पिस्तूल सरळ केलं, आणि वाकडे हात उघडे पडले. मी हे तिथेच सांगितलं. कप्तान म्हणाला, “तू चिकट्या लाव.”

साहेबांनी वहिनीला बोलावलं. “होतं तसं करून द्या.”

“नाही करणार.”

“बाई, हा हुकूम आहे.”

“साहेब, भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं म्हणून सगळे उशिरा यायला शिकले. मी घड्याळ लावलं, तर दोष घड्याळाचा? टेबल न्यायचं तर न्या. पण नीट केलेली वस्तू माझ्या हाताने बिघडणार नाही.”

घरी दादाने समजूत घातली, “अगं, दोन कानशी फिरव आणि टाक देऊन. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” वहिनी म्हणाली, “मासा कोण ते स्पर्धेत कळेल.” मला भीती वाटत होती. तिचे हात गणवेश मोजायला झालेले नाहीत, हे मला रोज दिसत होतं.

स्पर्धेत कप्तानाने दुसरा खुळखुळा घेतला आणि वहिनीचं पिस्तूल पेटीच्या तळाशी, राखीव म्हणून टाकलं. पहिली फेरी आम्ही जिंकली. पण दुसऱ्या फेरीत पेट्या बदलायचा रिवाज असतो. आमची पिस्तुलं त्यांना, त्यांची आम्हाला, म्हणजे कुणी लबाडी करायला नको.

समोरच्या चमूत एक उंच बाई होती. तिने आमच्या पेटीतलं एकेक पिस्तूल कानाशी धरून हलवलं. खुळखुळ. खुळखुळ. तळाचं उचललं, हलवलं, पुन्हा हलवलं. आवाज नाही. तिने आमच्या बाकांकडे एकदा नजर फिरवली आणि तेच घेतलं.

आमच्या वीरांच्या हाती त्यांची सरळ मारणारी पिस्तुलं आली, आणि सगळ्यांनी मिळून कोपऱ्याची चाळण केली. मला चिकट्यांचा अख्खा कागद लागला. त्या बाईच्या पाटीला मधोमध एकच मोठी चिकटी पुरली. ती लावताना मला रडू आलं आणि हसूही.

साहेब लालबुंद होऊन वहिनीवर धावले. “तुमच्या पिस्तुलाने आपल्याला हरवलं!”

“ते मी आधी तुम्हालाच दिलं होतं,” वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली. “तुम्ही त्यांना दिलंत.”

सुट्टीनंतर आम्ही कामावर गेलो तर टेबल जागेवर नव्हतं. ते उपाहारगृहात नेऊन त्यावर चहाचे ग्लास मांडले होते. वहिनी रिकाम्या जागेत उभी राहिली. कोठीकडे काही गेली नाही.

थोड्या वेळाने कप्तान आला. मिशीचा पीळ उतरलेला. त्याने आपला खुळखुळा पुढे धरला.

“बाई, हेही तसंच करून द्या.”

“पिस्तूल होईल. हात मात्र तुझा तुलाच सरळ करावा लागेल. मधे बघायचं, मधेच.”

“बघेन.”

“मग टेबल आण. हवेत ठेवून कानस चालवत नाही मी.”

कप्तानाने ग्लास बाजूला केले, चौघांना हाक मारली आणि टेबल भर आवारातून, साहेबांच्या खिडकीसमोरून आणलं. साहेब बाहेर येऊन शस्त्रागाराच्या दारापर्यंत मागे आले. “कुणाला विचारून?” कप्तानाने मान खाली घातली. बाकीच्यांचे पाय अडखळले, टेबल कललं, आणि शस्त्रागाराचं जड दार सवयीप्रमाणे मिटू लागलं.

“साहेब,” वहिनी म्हणाली, “जरा दार धरा.”

आणि साहेबांनी दार धरलं.